मुकी डिस्क

सिप्रियानो रियास्कोसने उभं आयुष्य लाकडाच्या गिरणीत काढलं. करवतीने त्याची दोन बोटं घेतली आणि कान जवळजवळ घेतलेच. त्याच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. आमच्या गल्लीत भरतीचं पाणी घरांच्या खांबांखाली येतं, तेव्हा बायका एकमेकींना हाका मारतात, त्या त्याला कधी ऐकूच आल्या नाहीत. त्याचा मुलगा विल्मर माझा धर्मपुत्र; बाप्तिस्म्यात मी त्याची धर्ममाता झाले, तो मला मद्रीना म्हणतो. म्हणून सिप्रियानो मला कोमाद्रे म्हणतो आणि मी त्याला कोंपाद्रे. एकदा हे नातं लागलं की आमच्याकडे नावाने हाक मारत नाहीत.

त्याची बायको ओदिलिया आलाबाओ म्हणायची. मयताच्या घरी ढोल नाही, झांज नाही, नुसत्या गळ्याने म्हणायची पदं ती. पहिली ओळ ती उचलायची, आम्ही बायका मागून धरायचो. तिची काही पदं तिच्या आजीकडून आलेली, ती दुसऱ्या कुणालाच येत नव्हती. आत बायका गात असताना पुरुष अंगणात डोमिनो खेळतात. कोंपाद्रेही खेळायचा. संसाराला चाळीस वर्षं होत आली तरी बायकोचं गाणं त्याने धड ऐकलं नव्हतं. ती म्हणायची, "ह्यांना माझ्या फक्त शिव्या ऐकू येतात, कोमाद्रे. त्या मी कानाला तोंड लावून देते."

विल्मर दूर चिली देशात, अँतोफागास्ताला, खाणीवर गेला. तिथून त्याने होम थिएटर पाठवलं. जड काळा रिसीव्हर आणि पाच स्पीकर. तेव्हापासून कोंपाद्रेला टीव्ही ऐकू यायला लागला आणि आम्हा शेजाऱ्यांना न मागता ऐकू यायला लागला. केबलचा डबा रिसीव्हरला जोडलेला, आणि रिसीव्हरच्या पाठीमागून वायरी रेकॉर्डरला. मुष्टियुद्ध, मिरवणुका, रोमची मोठी मिस्सा, सगळं तो डिस्कवर उतरवून ठेवायचा. कुणी मागितलं तर द्यायचाही.

नाताळात विल्मर घरी आला. रिसीव्हरच्या मागे डोकं घालून म्हणाला, "बाबा, ह्या लाल-पांढऱ्या वायरी म्हणजे पणजोबांच्या वेळच्या!" त्या उपटून त्याने केबलच्या डब्यातून एक बारीक काळी वायर आणली, टोकाशी लाल उजेड पेटणारी. चित्राची पिवळी तेवढी राहू दिली. "आता ऐका." कपाटातले पेले थरथरले.

ओदिलिया चुलीपाशी नारळ खवत होती. म्हणाली, "छप्पर उडालं तर तुझ्या खाणीतून पत्रे पाठव हो."

ईस्टरआधीच्या उपासकाळात काली शहरातल्या एका छोट्या वाहिनीची माणसं आली आणि चर्चच्या पायऱ्यांवर ओदिलियाचं गाणं टिपून घेऊन गेली. गुड फ्रायडेला दाखवणार म्हणाली. त्याआधीच ओदिलिया गेली. मासे साफ करताना मला काही सांगत होती. शब्द तोंडातच वाकडा झाला. विल्मरने सुट्टी मागितली तर ठेकेदार म्हणाला, जा, पण परत येऊ नकोस. तो आला नाही. फोनवर रडत होता, "आईचा आवाज मी विसरून जाईन, मद्रीना."

मी ते कोंपाद्रेच्या कानात ओरडून सांगितलं. त्याने फोन माझ्या हातून घेतला. "विसरणार नाहीस. कार्यक्रम लागला की मी उतरवतो. डिस्क तुला पाठवतो. रडू नकोस."

गुड फ्रायडेला आमच्या गल्लीत कुणी रेडिओसुद्धा लावत नाही. शेजारची एर्सिलिया दारातून ओरडली, "आजच्या दिवशी टीव्ही? प्रभू क्रुसावर आहे, भलेगृहस्था!"

"टीव्ही नाही," कोंपाद्रे म्हणाला. "माझी बायको आहे."

एर्सिलिया आत येऊन बसली. घर माणसांनी भरलं. त्याने रेकॉर्डरचं बटण दाबलं, तांबडा ठिपका पेटला. तो पुन्हा वाकून बघून आला. आणि पाचही स्पीकरांतून ओदिलिया उठली. तिचा श्वास घेतलेलाही ऐकू येत होता. कोंपाद्रे उठला आणि स्पीकरवर तळहात ठेवून उभा राहिला.

"ही... ही असं गायची?"

"चाळीस वर्षं डोमिनो खेळलात," एर्सिलिया म्हणाली. "ऐका आता."

कुणी हसलं नाही.

शनिवारी सकाळी त्याने मला हाक मारली. पडद्यावर ओदिलिया होती, तोंड उघडत होती, मिटत होती. रिसीव्हरचं बटण त्याने शेवटपर्यंत फिरवलं होतं. "कोमाद्रे, माझे कान गेले बहुतेक. तुम्ही ऐका आणि मला सांगा."

मी ऐकलं. फ्रिजची घरघर तेवढी होती. मला ते त्याच्या कानात ओरडून सांगावं लागलं, "आवाज नाहीये!"

दिवसभर तो रिसीव्हरच्या मागे बसला होता. जुन्या लाल-पांढऱ्या वायरी लावून बातम्या उतरवल्या, आवाज आला. ती बारीक वायर लावून उतरवल्या, चित्र आलं, आवाज नाही. त्या वायरीतून येणारा आवाज रिसीव्हर स्पीकरना देतो, रेकॉर्डरला देत नाही. नाताळापासून उतरवलेली एकही डिस्क त्याने लावून बघितली नव्हती, आणि त्या दिवशी आम्ही भरल्या घरात ऐकत होतो, म्हणून कुणाच्या मनात शंकासुद्धा आली नाही. तोच खेळ तो पुन्हा पुन्हा करत राहिला. शेवटी मीच म्हटलं, "पुरे, कोंपाद्रे." वायर कुणी लावली ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. नाव कुणीच घेतलं नाही.

ईस्टर झाल्यावर तो बसने कालीला जाऊन आला. वाहिनीतल्या मुलीने सांगितलं, टेप जपून ठेवायची आमची ऐपत नाही, काका. त्यावर दुसरं काही घेतलंसुद्धा.

त्यानंतरच्या रविवारी विल्मरचा फोन माझ्याकडे आला. कोंपाद्रे समोरच बसला होता. त्याला ऐकू यावं म्हणून फोनचा आवाज मी मोठा केला.

"बाबा, डिस्क टाकलीत पोस्टात?"

"नाही झालं रे रेकॉर्ड," तो म्हणाला. "बटण दाबायला विसरलो मी. घरात माणसं फार होती."

विल्मरचा आवाज चढला.

"एक बटण, बाबा! मला येता आलं नाही, मी तिला मातीसुद्धा दिली नाही, आणि तुमच्याच्याने एक बटण दाबवलं नाही?"

मी तोंड उघडलं. कोंपाद्रेने बोटं तुटलेला तो हात माझ्यासमोर धरला. "हो रे," तो म्हणाला. "चुकलंच माझं."

फोन तुटला तेव्हा मी रागावले. "खरं सांगायचं होतंत! पोराला काय कळतंय त्या वायरीचं? मुद्दाम केलंय का त्याने?"

"आईला माती दिली नाही, हे ओझं आहे त्याच्यावर. त्यावर हेही टाकू? चर्चमधल्या माता कार्मेनची शपथ आहे तुम्हाला."

खोटं ते खोटंच, हे मी लहानपणापासून शिकत आले आहे. तरी रोजच्या जपात हे खोटं मी मातेच्या पायाशी ठेवते आणि निवाडा तिच्यावर सोडते.

विल्मर आता बापाला फोन करत नाही. रविवारी मला करतो. नंतर कोंपाद्रे येऊन ओट्यावर बसतो. मुलगा काय जेवला, थंडी किती आहे, सगळं मी त्याच्या कानाशी ओरडून सांगते. परवा त्याने विचारलं, "राग गेला का त्याचा?"

"नाही."

"कुणावर आहे?"

"तुमच्यावर. आणखी कुणावर असणार?"

"बरं मग," कोंपाद्रे म्हणाला, आणि पुढ्यातली कॉफी निवेपर्यंत तसाच बसून राहिला.