नकाशा बघून निवडलेली मालिका

मालिकेचा सहावा आणि शेवटचा खंड संपला, तेव्हा दोन दिवस मी बाबांना सांगायचंच टाळलं.

बाबा पाळी गावच्या खाणीवर ट्रक चालवतात. चारच्या सुमाराला घरी आले की चहात उंड्याचा पाव बुडवत विचारायचे, "मगे? पुढे काय झाला?" आणि मी इंग्रजीत वाचलेलं ते शापित राज्य, ते उडते प्राणी, सगळं आमच्या घरच्या मालवणीत सांगायचे. आमच्याकडे कॉलेजात जाणारी मीच पहिली. त्यामुळे नातेवाईक भेटले की मार्क विचारतात. गोष्ट विचारणारे बाबा एकटेच.

तिसऱ्या दिवशी सांगावंच लागलं.

"संपला? मगे दुसरी बघ," ते म्हणाले. जणू घरातला साबण संपला होता.

वर्गातल्या एका मुलीने सुचवलेली मालिका मी आणली. राजवाडा, कट, दोन बहिणींचं वैर. मला तरी आवडली. चौथ्या दिवशी बाबांनी कप खाली ठेवला. "बाय, ही सगळी नुसती बोलतत गो. घरातसून भायर कधी पडतली?"

त्यानंतर त्यांनी विचारलंच नाही. चहा पिऊन मोबाईलवर भजनं बघत बसायचे. एवढं वाईट वाटेल असं मला वाटलं नव्हतं.

शनिवारी ट्रक दुरुस्तीला गेला होता. मी धीर करून म्हटलं, "डिचोलीत वाचनालयात चला माझ्यावांगडा. तुमीच निवडा."

"माका खंय इंग्लिश येता?"

"चला तर खरे."

वाचनालयात मी कपाटातून तीन मालिकांचे पहिले खंड काढून टेबलावर ठेवले. बाबांनी मुखपृष्ठांकडे पाहिलंही नाही. पहिल्याची पानं उलटली आणि नकाशावर बोट ठेवलं. "एवढ्या मोठ्या शहराक रस्तो खंय? सामान काय आकाशातसून येता?" पुस्तक बंद. दुसऱ्यात नकाशाच नव्हता, ते त्यांनी बाजूला सारलं. तिसऱ्यावर मात्र त्यांचं बोट नदीच्या काठाने सावकाश सरकत गेलं. "ह्यो घाट उतरलो की बंदर. भरलेली गाडी नेलस तर दोन दिस."

ग्रंथपाल बाईंनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. माझे कान तापले. बाबांना हळू बोला म्हणणार होते, पण म्हटलं नाही.

"ह्या घे," तिसरं पुस्तक माझ्याकडे सरकवत ते म्हणाले.

"बाबा, आधी वाचून तरी बघूया?"

"वाट बरी आसा. मगे गोष्ट पण बरी आसतली."

पुस्तक नावावर घेऊन आम्ही बसस्टँडजवळच्या हॉटेलात चहाला बसलो. त्यांना घरापर्यंतही धीर नव्हता. पहिल्याच परिच्छेदात मी तीन शब्दांवर अडले. एक मुलगी पहाटे गाव सोडून निघते, एवढंच धड सांगता आलं.

"गावाचा नाव काय?"

मी सांगितलं, मग अक्षरंही दाखवली. पुस्तक आपल्याकडे ओढून त्यांनी नकाशात ते गाव शोधलं, एकेक अक्षर जुळवत.

"हयसून पुढे चढ आसा," ते म्हणाले. "सांभाळून जांव दे तिका."