पाचच्या भोंग्याचा सूर

तोकुरासान निघून गेले त्याला चार वर्षं झाली, असं सुगिउरा मित्सुए कधी म्हणत नसे. ती म्हणे, "त्यानंतर आपण सोळा बॅच काढल्या." धंद्यातल्या माणसाने काळ असाच मोजावा.

धंदा मॉड्युलर सिंथेसायझरचा. म्हणजे अख्खं वाद्य न विकता त्याचे तुकडे विकायचे. एक तुकडा सूर काढणारा, एक तो गाळणारा, एक ताल धरणारा. गिऱ्हाईक ते पेटीत बसवतं, वायरींनी एकमेकांना जोडतं, आणि पेटीत जागा उरलेली दिसली की आणखी एक तुकडा मागवतं. जागा संपली की मोठी पेटी घेतं. या जगात कुणाचं वाद्य पुरं झाल्याचं ऐकिवात नाही, आणि त्यावरच सुगिउराचं दुकान तगून होतं. तुकड्यांची दर्शनी पॅनेलं छापणारा शंभराच्या खाली हात लावत नसे. तिच्याकडे पन्नास खपत. उरलेली पन्नास जिन्याखाली जात. जीव लावावा अशी एखादी चिप सापडली की ती बनवणारा कारखाना वर्षभरात अतिशय नम्रपणे कळवी की आता आम्ही ती बनवत नाही. परदेशातला कस्टमवाला दर खेपेला विचारी, हे नेमकं काय? ती लिही, 'वाद्याचा भाग.' मग तो खोकं फोडून बघे, आणि त्यालाही कळत नसे.

दुकान पूर्वी न्हाव्याचं होतं. भिंतभर आरसा तसाच राहिला होता. सुगिउरा आणि तोकुरासान दोघंही पियानोच्या कारखान्यात वीस वर्षं मीटर बघून सूर लावलेले. नोकरी सोडून त्यांनी भागीदारीत हे सुरू केलं. दहा वर्षं दोघं पाठीला पाठ लावून बसले. तिला आरशात ते दिसत. त्यांना ती दिसत असेल का, हे विचारायचं राहून गेलं. मग त्यांचे वडील अंथरुणाला खिळले आणि मिकानची, म्हणजे छोट्या संत्र्यांची, बाग सांभाळायला ते मिक्काबीला गेले. आगगाडीने तासाभराची वाट. दर डिसेंबरला मिकानची पेटी येई, वर चिठ्ठी: 'थंडी फार आहे, जपा.' ती उत्तर पाठवी: 'गोड होती.' आरसा अजून का ठेवलाय असं कुणी विचारलं तर ती सांगे, काढायला दोन माणसं लागतात.

जानेवारीत एक पार्सल आलं. आत एकतीस नंबरचा सुरांचा तुकडा, आणि फुकाझावा नावाच्या दंतवैद्याचं पत्र. 'पॉवरच्या वायरची पट्टी मी उलटी लावली. दाताचं काही लपवू नका असं मी रोज लोकांना बजावतो, म्हणून मीही लपवत नाही. एक विनंती: बटण बरोबर मध्यावर ठेवलं तरी याचा सूर किंचित खाली असायचा. माझं सगळं वाजवणं त्यावर उभं आहे. तो तसाच ठेवावा.'

उलटी पट्टी या धंद्यात प्रत्येकजण एकदा लावतो. बाकीचे लिहितात, 'आपोआप बंद पडलं.' सुगिउराने नाक जवळ नेलं. चिप जळल्याचा वास होता. तुकडा उलटा केला. सूर वर-खाली करणाऱ्या बारीक स्क्रूवर लाल लाखेचा थेंब होता. लावलेला सूर हलू नये म्हणून तो लावतात. थेंबाला डावीकडे शेपूट. तोकुरासानच्या ब्रशची सवय.

नवी चिप बसवायची म्हणजे लाख फोडायची आणि सूर नव्याने लावायचा.

तोकुरासान दुकानात मीटरवर सूर लावत नसत. गावात शाळेजवळच्या खांबावर भोंगा होता. संध्याकाळी पाचला त्यावर धून वाजे, आणि पोरं खेळ टाकून घरी पळत. धून जुन्या टेपवरची, टेप जरा मंद चाले, म्हणून शेवटचा लांब सूर किंचित उतरलेला. तोकुरासान पाचपर्यंत थांबत आणि त्या सुरावर स्क्रू फिरवत. "सुगिउरासान, ज्या सुरावर माणसं घरी येतात तो चुकीचा कसा असेल?" शेजारच्या नागाई आजींचा कुत्रा गोमा त्याच सुरावर गळा काढी.

दोन वर्षांपूर्वी गावाने नवा भोंगा बसवला. तो बिनचूक वाजतो. गोमा त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

आता तो सूर कुठून आणायचा? दुकानात तोकुरासानचा एकही तुकडा नव्हता; हलवायाच्या घरात पेढा नसतो. इतर गिऱ्हाइकांना मोजून पाठवा म्हणावं, तर दिवस मावळायच्या आत इंटरनेटवर चर्चा सुरू होणार की ती बॅच बेसूर होती. दंतवैद्याला रेकॉर्डिंग मागितलं, तर तो फॅशन म्हणून कॅसेटवर करणारा. त्याच्या कॅसेटचा सूर हवामानावर.

तिने चिप बदलली, लाख फोडली, शेपूट गळून पडलं. मीटरवर सूर लावला. तो बरोबर होता. कुणाचाही असता.

पाचची धून वाजून अर्धा तास झाला तेव्हा तिने फोन लावला.

"हॅलो, तोकुरा."

"सुगिउरा बोलतेय. मिकान गोड होती."

"ते तुम्ही कळवलंत. डिसेंबरमध्ये."

"एकतीस नंबर आलाय. पट्टी उलटी."

"दंतवैद्य? मी त्यांना तीनदा सांगितलं होतं."

"त्याला जुना सूर हवाय." तिने मीटरकडे पाहिलं. "मला येत नाहीये."

"वाजवा."

तिने फोन स्पीकरसमोर ठेवला, मीटर भिंतीकडे तोंड करून वळवला आणि स्क्रूड्रायव्हर उचलला.

"खाली," तोकुरासान म्हणाले. "अजून. अहो, फार झालं, हा भोंगा आहे की म्हैस? वर. जराशी वर."

तिने केसाएवढा स्क्रू फिरवला. बाहेर गोमाने गळा काढला. लांब, अगदी पूर्वीसारखा.

"गोमा आहे अजून?" त्यांनी विचारलं.

"आहे. दात गेलेत."

"दंतवैद्याकडे न्या."

ती हसली, आणि सवयीने आरशात पाहिलं. रिकामं स्टूल होतं. त्यावर पॅनेलं ठेवायला ती कधी धजली नव्हती.

"मित्सुएचान!" कुंपणापलीकडून नागाई आजी ओरडल्या. "पाच केव्हाच वाजून गेले की गं! याला काय झालंय?"

"हो आजी! आमचे आत्ता वाजतायत!"

"लाख लावून टाका," फोनमधून आवाज आला. "लाल बाटली तिसऱ्या खणात."

बाटली तिच्या हातातच होती. "शोधते," ती म्हणाली, आणि झाकण न उघडता बसून राहिली. ब्रश टेकवला की काम संपणार होतं. तिकडून त्यांनीही फोन ठेवला नाही. सूर चालू होता, गोमा त्याला साथ देत होता.

"सापडली का?"

"नाही अजून."

"सावकाश शोधा," तोकुरासान म्हणाले.