सिमेंटात बांधलेली कमान

टेक्सासमधल्या अर्विंगला आमच्या शेजारच्या अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या दिगंबर वझलवारांचा सिमेंटवर फार जीव. नागपूरचे सिव्हिल इंजिनिअर. लहानपणी त्यांच्या गावात बैल जुंपून चुन्याची घाणी फिरायची. ती बंद पडून सिमेंट आलं तेव्हा गाव सुधारलं, असं ते मनापासून मानत. मी त्यांना भावजी म्हणे. त्यांची बायको सुलभा माझी रोजची मैत्रीण.

ब्याऐंशी साली त्यांच्या कंपनीकडे एक विलक्षण काम आलं. तेलात पैसा केलेल्या एका गृहस्थाने इंग्लंडमधल्या ओसाड खेड्यातलं पडकं चर्च विकत घेतलं होतं. दगड सुटे करून जहाजाने आणायचे आणि त्याच्या रँचवर पुन्हा रचायचे. भावजी चहाच्या टेबलावर बोटाने नकाशा काढत.

"वहिनी, हा मधला भाग सगळ्यात जुना. भिंती ह्या एवढ्या जाड, खिडक्या चिमुकल्या, कमानी अर्धगोल. पुढे लोकरीच्या व्यापारावर गाव सधन झालं, तेव्हा वेदीकडचा भाग वाढवला. तिथल्या कमानी टोकदार. मग मनोरा बांधायला घेतला, तर प्लेग आला. माणसंच उरली नाहीत. म्हणून मनोरा असा बुटका."

दक्षिणेच्या दरवाजावर नागमोडी नक्षीची कमान होती आणि तिच्या माथ्यावर सुजलेला गाल धरून बसलेला एक माणूस. "दाढदुखी!" भावजी हसायचे. "गवंड्याने गावातल्याच कुणाची तरी खोडी काढलेली असणार."

जुने सांधे चुन्याचे होते. भावजींनी ते बदलून सिमेंटचे केले. काम झपाट्याने होतंय म्हणून मालकही खूश.

त्र्याऐंशीच्या डिसेंबरात डॅलसभोवती कधी नव्हे अशी थंडी पडली. सगळीकडे पाइप फुटले. बर्फ वितळल्यावर भावजी साइटवर गेले, तर दरवाजाखाली दगडाचे पापुद्रे पडलेले. दाढदुखीवाल्याचा चेहराच सुटून आला होता. सिमेंट खरवडून काढायला गेले, तर त्याच्याबरोबर दगडाच्या कडाही निघाल्या.

त्या संध्याकाळी ते आमच्याकडे येऊन बसले. "चुना मऊ असतो, वहिनी. भिंतीत मुरलेलं पाणी सांध्यातून बाहेर पडतं. मी सांधेच बुजवले. पाणी कोंडलं, गोठलं आणि दगड फोडून बाहेर आलं. आठशे वर्षं टिकलेली वस्तू मी दोन वर्षांत मारली."

कंपनीने मात्र दगडच निकृष्ट ठरवून विषय मिटवला होता. मनोरा अजून रचायचा होता, तोही सिमेंटातच. आणि वझलवारांच्या ग्रीन कार्डाचा अर्ज कंपनीच्या हातात.

"अहो, ते दगडाला नावं ठेवतायत ना? ठेवू देत की!" सुलभा कळवळून म्हणाली. "कार्ड होऊ दे, मग काय बोलायचं ते बोला."

"तोवर मनोरा उभा राहील."

"राहू दे! कोण लागतं ते चर्च तुमचं? नागपुरात असताना घरामागच्या महादेवाला तरी कधी गेलात का?"

सोमवारी भावजींनी साहेबाला सांगितलं, चूक माझी, आता तरी चुना वापरा. साहेबाने शांतपणे ऐकून घेतलं. शुक्रवारी नोकरी गेली, पाठोपाठ अर्जही मागे घेतला गेला. तेलाचे भाव उतरायला लागले होते. दुसरी नोकरी कोण देणार? भावजींनी चार महिने खटपट केली. तिकडे मनोरा त्यांच्या म्हणण्याप्रमाणे चुन्यातच झाला, पण तो दुसऱ्या इंजिनिअरने केला. दरवाजाची कमान पुढच्या थंडीत आणखी झडणार, हे सगळ्यांनाच कळत होतं. दगड फुटल्याशिवाय ती आता सोडवता येण्यासारखी नव्हती.

ते भारतात परत निघायच्या आदल्या दिवशी मी सामान बांधायला गेले. भावजी बाहेर गाडी विकत घ्यायला आलेल्या माणसाशी बोलत होते. सुलभाने त्यांच्याशी बोलणं टाकल्याला बरेच दिवस झाले होते.

"लोक विचारतील, अमेरिकेतून परत का आलात," ती म्हणाली. "काय सांगू गं मी? एका पडक्या चर्चसाठी?"

तिने पुढे केलेली कढई मी कागदात गुंडाळत राहिले.