उन्हातली गाडी

आप्पांसारखा सावलीचा शौकीन मी दुसरा पाहिला नाही. हसनाबादला गावच्या शाळेत शिकवत होतो तेव्हा त्यांच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहायचो. अंगणातल्या लिंबाची सावली फिरेल तशी आप्पांची बाज फिरायची. सकाळी मावळतीकडे, दुपारी खोडाशी, संध्याकाळी उगवतीच्या भिंतीला टेकलेली. घरी कोणी आलं की पाणी विचारायच्या आधी म्हणायचे, "गाडी सावलीत लावा." सायकलवाल्यालाही तेच. आमच्याकडचं ऊन ज्याने सोसलंय त्याला यात हसण्यासारखं काही वाटणार नाही, तरी आम्ही हसायचो.

या माणसाने उन्हावर वीज तयार करणारी गाडी करायला घेतली ती अक्कांसाठी. अक्का म्हणजे त्यांच्या पत्नी. त्यांना दमा होता. धाप लागली की वाफेचं मशीन लावावं लागे आणि मशीनला वीज लागे. हसनाबादला वीज जायची, पण निदान यायचीही. अक्कांचं माहेर केदारखेड्याच्या शिवारातल्या वस्तीवर, तिथे खांबच पोचला नव्हता. त्यामुळे माहेरी गेल्या तरी अक्का दिवस मावळायच्या आत परतायच्या. कित्येक वर्षांत त्या तिथे मुक्कामाला राहिल्या नव्हत्या. भावाच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "हळदीला आत्या नसली तर कसं दिसल?" थोड्या दिवसांनी एक जुनी मॅटाडोर दारात येऊन उभी राहिली.

आतल्या सीट काढून पलंग झाला, छोटा ओटा झाला, पाण्याची टाकी बसली. ते सोपं होतं. अडलं ते विजेपाशी. छतावर सोलरच्या प्लेटा बसवायच्या हे ठरलं होतं, पण दुकानदाराने बॅटरी केवढी देऊ विचारलं तेव्हा आप्पा तसेच घरी परत आले आणि अक्कांसमोर बसले. मशीन किती वेळ लागतं, पंखा किती वेळ, दिवा किती. "आधी खर्च सांग, मंग रांजण आणू." बॅटरीला ते रांजणच म्हणायचे. दिवसा भरायचा, रात्री प्यायचा, आणि निम्म्याखाली तांब्या घालायचा नाही, नाहीतर रांजण लवकर फुटतो. मी आपलं सुचवलं, एक टेपही चालेल की त्यावर. आप्पांनी ते तिथेच खोडलं.

"गाणं तुमी म्हणा, गुरुजी. ही वीज हिच्या छातीसाठी हाये."

त्या हिशेबात त्यांनी एक दिवस आभाळाचाही धरला होता. चिंचेच्या झाडाचा मात्र धरायचा राहिला.

हळदीच्या आदल्या दिवशी सकाळीच आम्ही वस्तीवर पोचलो. बहीण मुक्कामाला आली म्हणून अक्कांच्या भावाला काय करू आणि काय नको असं झालं. त्याने गाडी थेट चिंचेच्या दाट सावलीत लावून घेतली. छत तापून बहिणीला त्रास नको म्हणून वर ओली पोती अंथरली. आमच्याकडे पाहुण्याचा मान सावलीपासून सुरू होतो. शेवटचं पोतं तर आप्पांनीच खालून वर दिलं, आणि त्या मानाखाली प्लेटा झाकल्या गेल्या. दोन दिवस कोणाच्याही लक्षात आलं नाही.

हळदीच्या संध्याकाळी स्वयंपाकाच्या चुलवणाचा धूर मांडवभर पसरला आणि अक्कांना धाप लागली. आप्पांनी त्यांना गाडीत बसवून मशीन सुरू केलं. जरा वेळ ते घरघरलं आणि गप्प झालं. अक्कांचे ओठ निळसर दिसू लागले. मी फार घाबरलो. आप्पा वायरी काढून पुन्हा पुन्हा जोडू लागले. भावाने धावत जाऊन ट्रॅक्टर आणला, त्याची बॅटरी जोडली आणि मशीन पुन्हा चालू झालं. हळूहळू अक्कांचा श्वास सुरळीत झाला. मग आप्पा खाली उतरले, वर पाहिलं, पोती पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला.

लग्नाच्या दिवशी सकाळीच त्यांनी गाडी खळ्याच्या मधोमध उन्हात नेली आणि स्वतः तिच्यापुढे खुर्ची टाकून बसले. मेव्हणा हातापाया पडला, सावलीत चला म्हणाला.

"म्या उठलो की तुमी मायेनं तिला परत झाडाखाली न्याल," आप्पा म्हणाले. "म्या हितंच बसतो."

अक्षता पडल्या तरी ते उठले नाहीत. नाकाची साल निघाली. अक्का मात्र नवरीच्या पाठीशी आत्या म्हणून उभ्या राहिल्या आणि लग्नानंतरही चांगल्या ऐसपैस माहेरी राहिल्या. पुढे त्या गाडीतून दोघं नात्यातल्या वस्त्या-वस्त्यांवर मुक्काम करत हिंडले. जातील तिथे अक्का सावलीत आणि आप्पा गाडीजवळ उन्हात.

माझी बदली झाली. काही वर्षांनी एका उन्हाळ्यात आप्पा गेल्याचं कळलं. मी पोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. अक्का दाराशी बसल्या होत्या. वाट मोकळी करायला म्हणून एका भाच्याने मॅटाडोर लिंबाखाली आणून लावली, आणि मध्ये येणारी बाज उचलून भिंतीशी उभी केली.

अक्कांनी मान वर केली.

"गाडी उन्हात लाव, बाबा," त्या म्हणाल्या. "तिथं त्यांची बाज ऱ्हाते."

भाच्याने गाडी काढली. मी बाज उचलली. दुपार झाली होती, म्हणून खोडाशी टाकली.