बाबा दिसतील असा मॉनिटर

मॉनिटर मला गेम खेळायला हवा होता. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं, काय गुणाचा मुलगा आहे! गुणबिण काही नाही. माझा जुना मॉनिटर ऑफिसने भंगारात काढलेला, त्यावर काळा रंग राखेसारखा दिसायचा. गेममधल्या अंधाऱ्या गोदामात शत्रू माझ्या नाकासमोर उभा राहून मला गोळ्या घालायचा आणि मी खुर्चीत बसून विचारायचो, अरे, कुठून आल्या?

मग सुरू झालं संशोधन. यूट्यूबवर एक दाढीवाला सांगायचा हा पॅनल घ्या, दुसरा दाढीवाला सांगायचा तो घेतलात तर वाट लागली समजा. शेवटी एवढं कळलं की एका जातीच्या महागड्या स्क्रीनवर काळा म्हणजे खरोखर काळा दिसतो, अंधारातली बारीकसारीक गोष्टही कळते. फक्त एकच चित्र तासन्‌तास तसंच ठेवलं, तर त्याचा डाग कायमचा बसतो. मी म्हटलं, गेममध्ये कोण तासन्‌तास एका जागी उभं राहतंय? झकास.

हे मी जेवताना बोललो, तिथेच चुकलं. बाबांनी भाताचा घास हातातच ठेवला.

"अंधारातला दिसता? मग माका माझा तोंड दिसाक व्हया."

आई वाटीत सोलकढी ओतत म्हणाली, "झाला सुरू."

आता हे सांगायला हवं. गिरणी बंद पडल्यावर आणि कुरिअरची नोकरी लागण्याआधी, बाबा एक दिवस सिनेमात होते. आमच्या वाडीतला एकजण शूटिंगला गर्दी पुरवायचा, तो वर्सोव्याहून होडीत घालून बाबांना मढला घेऊन गेला. तिथल्या एका बंगल्यात भुताचा सिनेमा चालला होता. भूत शोधायला गावकरी मशाली घेऊन जिन्यावर येतात, त्यांतला सगळ्यात पुढचा मशालवाला म्हणजे आमचे बाबा. सिनेमा पडला, हिरो विसरला गेला, भूतसुद्धा कुणाला आठवत नाही. पण आमच्या घरात तो जिना अजून चालू आहे.

गणपतीला गावी गेलो की आरती, मग प्रसाद, मग मशाल. हा आमच्या घरचा रिवाज. आधी कॅसेट होती, मग सीडी, मग कुणाच्या तरी मोबाइलवर. सगळी भावकी दाटीवाटीने बसायची, तो प्रसंग आला की कुणीतरी ओरडायचं, "थांबव, थांबव!" आणि पडद्यावर एक जळता गोळा आणि त्याच्यामागे काळपट ठिपका. तो ठिपका म्हणजे बाबा. नवीन सुनांना मुद्दाम पुढे बसवून दाखवायचे. त्या बिचाऱ्या "हो हो, नाक अगदी तस्संच" म्हणायच्या. कसलं नाक, डोंबल! नाक तर सोडाच, तिथे माणूस आहे की माठ हेही कळत नव्हतं.

आई मात्र इतक्या वर्षांत एकदाही 'दिसले' म्हणाली नव्हती. "माका तरी धूरच दिसता," एवढंच म्हणायची आणि मोदकांची ताटं उचलायला उठायची. बाबांना ते लागायचं. सगळी वाडी टाळ्या वाजवायची आणि ते आईकडे बघायचे.

नशीब असं की त्याच सुमाराला त्या सिनेमाची नवी, धुऊनपुसून लख्ख केलेली प्रिंट एका ॲपवर आली. बाबांनी फर्मान काढलं. मॉनिटर घ्यायचा तो हीच फिल्म लावून बघून घ्यायचा. "आणि हिकाय घेऊन जावया," आईकडे न बघता ते म्हणाले. आई म्हणाली, येते, भाव करायला कुणीतरी हवं. तुम्ही दोघं काय, दुकानदाराला चहा पाजून याल.

तर एका रविवारी सकाळी आम्ही तिघं नाहूरहून रिक्षाने मुलुंडच्या दुकानात. माझ्या मांडीवर लॅपटॉप. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला, जणू पुन्हा शूटिंगच आहे. सेल्समनने विचारलं, "गेमिंग के लिए ना, भाऊ?" मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "नाही. मी आहे त्यात."

पहिल्या मॉनिटरवर लावलं. जिना, गोळा, ठिपका. नेहमीचंच. बाबा खूश. "बघ, दिसतंय की! हाच घे, स्वस्त पण आहे." मला तो नको होता. मी म्हटलं, तो कोपऱ्यातला जरा लावा ना.

तो लावला. आईशप्पथ सांगतो, असा काळोख मी खऱ्या काळोखातही पाहिला नव्हता. जिन्याची पायरी न्‌ पायरी सुटी दिसायला लागली, भिंतीचा उडालेला चुना दिसायला लागला. मशाल आली. मी थांबवलं. आणि मशालीमागे एक भला मोठा माणूस, घाऱ्या डोळ्यांचा, ओठांवर आकडेबाज मिशा.

बाबांना आयुष्यात कधी मिशा नव्हत्या.

सेल्समन बिचारा उत्साहाने म्हणाला, "अंकल, काय पर्सनॅलिटी होती यार तुमची!" मला त्याच्या मुस्कटात मारावीशी वाटली. खरं तर स्वतःच्याच मारायला हवी होती. चांगला ठिपका होता, काय गरज होती मला?

बाबा खुर्चीत बसले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मिशा तिथेच होत्या.

"मशाल काढून घेतलेली माझ्याकडसून," ते हळूच म्हणाले. "शेवटच्या टेकाक. हात थरथरता म्हणाले. ह्याका दिली आणि माका मागे धाडला." मग त्या मिशांकडे बघत म्हणाले, "माका वाटला, आधीचो टेक घेतलो आसतलो."

इतकी वर्षं त्यांना तसं वाटत होतं. पुढच्या गणपतीत काय करायचं, सगळ्यांसमोर काय लावायचं, हेच डोक्यात फिरायला लागलं. मी म्हटलं, "चला बाबा, नको आपल्याला. पहिला मॉनिटर चांगला होता." आणि लॅपटॉप बंद करायला गेलो.

"हात लावू नको," आई म्हणाली.

ती उठून स्क्रीनजवळ गेली, इतकी जवळ की सेल्समन घाबरला. मशालवाल्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. पार मागे, जिन्याच्या तळाशी, जिथे आजवर नुसता काळा पट्टा होता, तिथे आता सातआठ माणसं उभी होती. चेहरे अजूनही नीट कळत नव्हते. आईने त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"ह्ये तुमी."

"खय?" बाबा.

"ह्यो एका पायावर उभो. दुसऱ्या पायान पोटरी खाजवता तो. डास चावलो की तुमी अजून तसेच करतास." मग माझ्याकडे वळून, "जरा पुढे सरकव रे."

मी सरकवलं. मागचा एक हडकुळा माणूस तोल जाऊन शेजाऱ्याच्या खांद्याला धरतो, मशालीचा उजेड क्षणभर त्याच्या तोंडावर येतो. बाबा. माझ्यापेक्षा लहान, डोक्यावर केसांचं जंगल, भुताच्या सिनेमात पोटरी खाजवणारे बाबा. आख्ख्या गर्दीत भूत सोडून डासाला घाबरलेला एकटा गावकरी.

बाबा बघतच राहिले. मग हसायला लागले, आणि हसताहसता त्यांनी पुन्हा चष्मा काढला.

सेल्समनने विचारलं, "मग आंटी, कुठला पॅक करू?"

"ज्यात हे दिसतत तो," आई म्हणाली. भाव करायचं ती साफ विसरली.

अशा रीतीने मला हवा होता तोच मॉनिटर घरी आला. आता अंधारातले शत्रू मला दिसतात, तरी मी मरतोच; म्हणजे दोष मॉनिटरचा नव्हता. पण खेळायला मिळतं कुठे? परवा ऑफिसमधून आलो तर आई त्याच्यासमोर वाल सोलत बसलेली. स्क्रीनवर तो जिना, थांबवलेला, बाबा शेजाऱ्याच्या खांद्याला धरून. आत बाबा घोरत होते.

"अगं, किती वेळ असं ठेवलंयस?" मी ओरडलो. "डाग बसेल ना त्याचा! कायमचा! मग निघत नाही तो."

आईने मान वर केली नाही.

"बसांदे," ती म्हणाली.