आमचा टेक स्टॅक मेहुण्याने ठरवला

मंडळी, सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितोय.

उधन्यात वेबसाइट बनवणारी आमची चौघांची टीम आहे. सगळे पीएचपीत लिहितो, पण प्रत्येकाची पद्धत वेगळी, त्यामुळे एक जण सुटीवर गेला की त्याच्या कामाला दुसऱ्याला हात लावता येत नाही. सगळ्यांनी एकच टेक स्टॅक, म्हणजे साइट बनवायची ठरावीक साधनं, वापरावा, हे आमच्या शेठना मीच सुचवलं होतं. फक्त ठरवण्याआधी आठवडाभर एक लहान साइट बनवून बघू द्या, एवढंच मागितलं होतं.

आज शेठ म्हणाले, "सोमवारपासून सगळं रिअ‍ॅक्ट आणि नोडमध्ये. मारा साळाए कीधुं छे."

हे सांगणारा त्यांचा मेहुणा बंगळुरूला असतो. आमचं काम त्याने कधी पाहिलेलं नाही.

मी म्हणालो, "शेठ, आम्हाला पीएचपी येतं. हे नवं शिकायला थोडा वेळ तरी..."

"जमत नसेल तर सांग ना भाई, दुसरा शोधतो."

माझं शिक्षण दहावीला सुटलं. पीएचपी मोबाइलवर बघून शिकलो. मला दुसरी नोकरी सहज मिळणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत आहे.

आमच्या ऑफिसखाली शेठचं साडीच्या कापडाचं दुकान आहे. दुपारी तिथे एक कारखानदार नवीन कापड घेऊन आला. शेठनी ते मुठीत चुरगाळलं, उजेडात धरलं आणि म्हणाले, "सँपल ठेवून जा. आठवडाभर धुऊन बघतो, मग बोलू."

कापडाला आठवडा आणि आम्हा चौघांना फक्त उद्याचा रविवार. तुम्हीच सांगा, हे बरोबर आहे का?