आजेचीर

बापूकाकांना लोक विद्वान म्हणत. मी त्यांचा पुतण्या, जबलपूरच्या चेरीतालला त्यांच्याच घरी वाढलो, म्हणून सांगतो. हा माणूस शब्दांवर जीव टाकायचा, माणसांवर नाही.

प्रतिमा त्यांची एकुलती मुलगी. तिच्या जन्माच्या वेळीच काकू गेली आणि चौथ्या दिवशी मालनबाई घरात आली. मूळची भंडाऱ्याकडची. नवरा अंबादास इथल्या कारखान्यात होता, तो वारला होता. नागपूर आणि जबलपूर तेव्हा एकाच राज्यात होती. छप्पन साली राज्यं वेगळी झाली आणि त्याच वर्षी तिच्या माहेरचे सगळे बौद्ध झाले, तीही झाली. बापूकाकांनी दोन्ही बातम्या पेपरात वाचल्या आणि तिची कपबशी मागच्या खिडकीत होती तिथेच राहू दिली. मुलीला मात्र बावीस वर्षं तिनेच सांभाळलं. न्हाऊमाखू घातलं, गोवर आला तेव्हा आठ दिवस मांडीवरून खाली ठेवलं नाही. घरात सगळे तिला आया म्हणत, प्रतिमासुद्धा.

चौऱ्याहत्तर साली प्रतिमाचं लग्न ठरलं. बोलणी करायला नागपूरहून मुलाचे वडील विष्णुपंत आले आणि बापूकाकांना नवा श्रोता मिळाला. पगार हा शब्द पोर्तुगीजांनी आणला, त्याच्या मुळाशी लॅटिनमध्ये 'शांत करणे' आहे, म्हणजे नोकराचं तोंड बंद करणे, असं सांगून ते स्वतःच हसले. तेवढ्यात मालनबाई प्रतिमाला घेऊन दारात आली, तशी त्यांची गाडी तिच्याकडे वळली.

"हा शब्द घ्या. आया. पोर्तुगीजमध्येही आयाच, मुलं सांभाळणारी. आणि मूळ लॅटिन आविया, म्हणजे चक्क आजी."

"वा," विष्णुपंत म्हणाले. "मुलीला आजी नाहीच ना? मग आजेचीर हिलाच देऊ."

नातीच्या लग्नात आजीला मानाचं लुगडं मिळतं, ते आजेचीर. दोघे व्याही पोटभर हसले. मालनबाई हसली नाही. संध्याकाळी तिने मला अंगणात गाठलं.

"दिवाकरभैया, साहेब पुस्तकातलं सांगून राहिले होते ना?"

मी हो म्हणालो. ते खोटं नव्हतं. पण ती काय समजून बसली आहे हे मला दिसत होतं, आणि मी तोंड उघडलं नाही. तिने सगळ्या वस्तीत सांगितलं. जाऊ गीताबाईने विचारलं, लुगडं कोणत्या रंगाचं? "लुगड्याचं काय घेऊन बसली," ती म्हणाली, "पोरगी चार लोकांत माह्या पाया पडन."

लग्नाच्या दिवशी मानपान सुरू झाले. आजेचीर काकांच्या सिहोऱ्याच्या मावशीला द्यायचं ठरलं होतं. विहीणबाई वसुधाबाईंनी विचारलं, "मुलीची आजी कुठे आहे?" मावशी गुडघे धरून उठेपर्यंत मालनबाई मांडवात येऊन पाटावर बसली. धुवट पांढरं लुगडं, डोक्यावरून पदर.

विष्णुपंतांना काही आठवेना, किंवा आठवायचं नव्हतं. बापूकाका तिच्याजवळ वाकले आणि वर्गात बोलत तसं बोलले, "मालन, तो शब्दाचा अर्थ होता. ऊठ."

ती उठली नाही. ती प्रतिमाकडे बघत होती.

"कोण गं ही?" वसुधाबाईंनी सुनेला विचारलं.

प्रतिमाने आधी बापाकडे पाहिलं. मग म्हणाली, "घरी कामाला आहे."

"हो जी," मालनबाई उठत म्हणाली. "कामाले हाय मी. चुकून बसली."

लुगड्याचं ताट माझ्या हातात होतं. मी ते मावशीच्या पुढ्यात ठेवलं. तिने प्रतिमाला आयुष्यात तीनदा पाहिलं होतं. नंतर बापूकाकांनी तो पाट माझ्याकडून धुऊन घेतला. मी धुतला. त्याची लाज मला अजून वाटते.

निघताना प्रतिमा सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली, मावशीच्यासुद्धा. मालनबाई मोटारीपाशी उभी होती. प्रतिमाने डोळे पुसले आणि तिला सांगितलं, "बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर देत जा."

गोळ्या तिच्या हातच्या चालत. पुढची सहा वर्षं तिने त्या वेळेवर दिल्या. एखाद्या दिवशी तरी तिने विसरायला हवं होतं असं मला तेव्हा वाटायचं, आणि काका गेले तरी आजही वाटतं.